एका छिद्राची माघार

सन १९७४ च्या एप्रिल महिन्यात सोलापूरच्या नागरी सूची कार्यालयाने आपल्या सूचीपद्धतीत एक किरकोळ सुधारणा केली. सुधारणा किरकोळ असल्याचं परिपत्रकातच म्हटलं होतं, आणि एकदा नव्हे, चार वेळा म्हटलं होतं. हे परिपत्रक कार्यालयाच्या व्हरांड्यातल्या फलकावर त्याआधी महिनाभर लावलेलं होतं. 'कोणाची हरकत असल्यास ती तीस दिवसांत लेखी कळवावी,' असं त्याच्या तळाशी लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. टायपिंगच्या क्लासला मी त्याच रस्त्याने जायची आणि ऊन चुकवायला त्या व्हरांड्यात दोन मिनिटं थांबायची. वाचलं, पदराने घाम पुसला आणि पुढे गेले. माझा काय संबंध?

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांना नावं ठेवणार आहे.

माझं नाव रुद्राणी. राहणार साखर पेठ. माझे वडील चनमल्लप्पा चादरीच्या मागांसाठी नक्षीचे पुठ्ठे पाडायचे. सोलापुरी चादरीवर तुम्हाला जो मोर दिसतो तो माग आपल्या मनाने विणत नाही. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांबच लांब माळ मागाच्या डोक्यावर फिरत असते. जिथे भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. भोक एक घर सरकलं की मोराचा तुरा त्याच्या पोटातून बाहेर येतो. अप्पांनी तीस वर्षं हे काम केलं आणि त्यांच्या हातून एकही मोर बिघडला नाही. डोळे मात्र बिघडले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे काम आता फार तर वर्षभर करा, नंतर बघायला काही उरणार नाही.

म्हणून मी टायपिंग शिकत होते, आणि म्हणूनच मे महिन्यात कुर्डुवाडीच्या टेलिफोन एक्स्चेंजचं पत्र आलं तेव्हा आईने ते देवापुढे ठेवलं. ऑपरेटर म्हणून माझी निवड झाली होती. पंचवीस जूनपर्यंत हजर व्हायचं, सोबत नागरी सूची कार्यालयाचा स्थितीदाखला आणायचा. मी स्त्री आहे, अविवाहित आहे आणि सध्या कुठे नोकरीला नाही, एवढंच त्या दाखल्यात यायला हवं होतं. हे तिन्ही खरं होतं. खऱ्या गोष्टीचा दाखला मिळायला किती वेळ लागतो, असं मला वाटलं. मी एकवीस वर्षांची होते.

आता ती पद्धती समजून घ्या, अवघड नाही. शहरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाचं एक जाड कार्ड त्या कार्यालयात असतं. कार्डाच्या वरच्या कडेला ओळीने चाळीस छिद्रं असतात. एकेक छिद्र म्हणजे माणसाबद्दलची एकेक गोष्ट: पुरुष, स्त्री, अविवाहित, विवाहित, बेरोजगार, नोकरीत, अशी ती ओळ पुढे जाते. जी गोष्ट खरी असेल तिच्या छिद्रापाशी कात्रीने कड कापून खाच पाडायची. मग कार्डावर लाकडाची वाचनपट्टी ठेवायची. पट्टीवर त्या चाळीस गोष्टींची नावं लिहिलेली असतात. ज्या नावाखाली खाच दिसेल ते नाव दाखल्यावर उतरवायचं आणि शिक्का मारायचा. या पद्धतीचं नाव 'तीन-शून्य'. एक-शून्य आणि दोन-शून्य कुठे गेल्या, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

माझ्या कार्डाला तीन खाचा होत्या: स्त्री, अविवाहित, बेरोजगार.

एप्रिलच्या सुधारणेने पहिल्या छिद्रात एक नवी गोष्ट घातली: घरी रेडिओ आहे. त्यामुळे बाकीच्या सगळ्या गोष्टी एकेक घर पुढे सरकल्या. चाळिसावी गोष्ट कडेवरून खाली पडली. ती कोणती होती हे आता कोणालाच आठवत नाही. नवी वाचनपट्टी आली, तिचं नाव 'तीन-एक'. पट्टी सरकली म्हणजे खाचाही सरकायला हव्यात. पण नवी कार्डं छापायला मंजुरी नव्हती, कारण सुधारणा किरकोळ होती. म्हणून जुन्याच कार्डांवर प्रत्येक खाचेच्या पुढच्या घरात नवी खाच पाडण्यात आली. जुनी खाच तशीच राहिली, कारण ती बुजवण्याबद्दल परिपत्रकात अवाक्षर नव्हतं, आणि परिपत्रकात नसलेलं काम करायला ते कार्यालय म्हणजे काही धर्मशाळा नव्हे.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी खिडकीशी गेले. खिडकीमागे रावजी बसायचे. रावजी म्हणजे त्या कार्यालयातले सर्वांत जुने कारकून. त्यांच्या नोकरीत चार साहेब बदलले होते, पंखा बदलला नव्हता. त्यांनी माझं कार्ड काढलं, वर पट्टी ठेवली आणि एका सुरात वाचलं, "पुरुष, स्त्री, अविवाहित, विवाहित, बेरोजगार."

"रावजीकाका, मी पुरुष नाही," मी म्हटलं.

"गेल्या महिन्यापासून सगळ्या बायका तशाच येताहेत," रावजी दाखला लिहिता लिहिता म्हणाले. "त्यात घाबरण्यासारखं काही नाही. स्त्री पण आहेच की खाली."

"आणि अविवाहित, विवाहित, दोन्ही?"

"दोन्ही खाचा आहेत. मी दिसतं ते लिहितो, बाई. मनानं लिहायला लागलो तर कार्यालय कशाला पाहिजे?"

"हा दाखला दाखवून कुर्डुवाडीला मला घेतील का?"

रावजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एका माणसात एवढ्या पात्रता म्हटल्यावर का नाही घेणार?"

मी विचारलं की दोन महिने असे दाखले जाताहेत, तर कोणी काही बोललं कसं नाही. त्यावर ते म्हणाले, "लोक दाखला घेतात, घडी घालतात आणि जातात. वाचतं कोण?" माझ्या मागे केराबाई उभी होती. ती मोहोळकडच्या एका खेड्यातून मे महिन्यात शहरात राहायला आली होती आणि मंडईत भाजी विकायची. तिचं कार्ड सुधारणेनंतरचं, नवंकोरं. त्यावर नव्या पट्टीप्रमाणेच खाचा पडलेल्या, त्यामुळे तिचा दाखला चोख आला: स्त्री, विवाहित. मी तिला म्हटलं, "मावशी, साहेबांकडे चला माझ्याबरोबर, दोघी बोलू." ती दाखल्याची घडी घालत म्हणाली, "माजं बरोबर हाय की. मी कशाला मदी पडू?" मला तिचा राग आला. ती निदान फलक वाचून पुढे गेली नव्हती, हे तेव्हा मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी अप्पांना घेऊन मी नोंद अधिकारी मानसिंगरावांच्या टेबलापाशी उभी राहिले. मानसिंगराव सभ्य होते. त्यांनी आम्हाला बसा म्हटलं, पाणी मागवलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. त्या कार्यालयात तुमचं नुकसान नेहमी सभ्यपणेच होतं.

"सुधारणेत त्रुटी राहिली असेल तर ती मागे घेता येते," ते म्हणाले. "तशी तरतूद आहे. परिच्छेद नऊ." त्यांनी तो वाचून दाखवला. 'सुधारणा गैरसोयीची आढळल्यास पद्धती पूर्वस्थितीत आणावी. पूर्वस्थितीत आणण्याची रीत स्वतंत्रपणे कळवण्यात येईल.'

"मग ती रीत कळवली का त्यांनी?"

"स्वतंत्रपणे कळवणार आहेत. पण आपण थांबणार नाही. माघारीची चाचणी मी स्वतः घेतली आहे. एक कार्ड तीन-शून्यवरून तीन-एकवर नेलं आणि परत तीन-शून्यवर आणलं. एका अक्षराचा फरक पडला नाही."

"कोणाचं कार्ड होतं?"

"कोरं होतं," मानसिंगराव म्हणाले. "चाचणीसाठी नागरिकांची कार्डं वापरणं योग्य नाही."

अप्पा इतका वेळ माझं कार्ड डोळ्यांपाशी धरून खाचांवरून अंगठा फिरवत होते. त्यांनी ते टेबलावर ठेवलं. "साहेब, आमच्यात जुनी माळ कदी कापत न्हाईत. नवी नक्षी पायजे तर नव्या पुठ्ठ्यावर पाडायची. जुनी माळ गुंडाळून खुंटीला ठिवायची. नवी बिगडली की जुनी चढवली, अर्ध्या तासात माग सुरू. तुमी जुन्याच पुठ्ठ्यावर कात्री चालवली की. आता मागं जायचं म्हणताय, पर मागं काय ठिवलंय तुमी?"

"चनमल्लप्पा, तुम्ही चादरीबद्दल बोलताय. ही नागरिकांची सूची आहे."

"व्हय. चादर असती तर गिऱ्हाइकानं परत आणून टाकली असती."

मानसिंगराव हसले. मग त्यांनी एक फाइल काढली आणि माझ्यासमोर उघडली. "हे बघा. हरकती मागवल्या होत्या. तीस दिवस फलकावर होतं. एकही हरकत आली नाही. सबंध शहरातून एकही नाही. तुम्ही दिली होती का?"

मी फाइल मिटून त्यांच्याकडे सरकवली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल की पोरीने फलक पाहिलाच नसणार, आणि मी त्यांना तसं वाटू दिलं.

दहा जूनला माघार झाली. म्हणजे असं झालं, की तीन-एकची पट्टी कपाटात गेली आणि तीन-शून्यची जुनी पट्टी शोधण्यात आली. ती रावजींच्याच खिडकीला टेकू म्हणून लावलेली सापडली. ती पुसून, हळद-कुंकू लावून पुन्हा टेबलावर आली. मानसिंगरावांनी वर कळवलं की माघार अवघ्या अकरा मिनिटांत पूर्ण झाली. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. कार्डांकडे कोणी पाहिलं नव्हतं. माघार पट्टीची होती, कार्डांची नव्हती.

अकरा तारखेला मी खिडकीशी होते. रावजींनी जुनी पट्टी माझ्या कार्डावर ठेवली. "स्त्री, अविवाहित, विवाहित, बेरोजगार, नोकरीत. झालं. पुरुष गेलं बघा."

"पण मी नोकरीत नाही."

"खाच आहे."

"ती तुम्हीच पाडली आहे, एप्रिलमध्ये. बेरोजगारचं पुढचं घर म्हणून."

"एप्रिलमध्ये ती बेरोजगारचीच होती," रावजी शांतपणे म्हणाले. "आता नोकरीची आहे. खाच तीच, पट्टी वेगळी. यात खाचेचा काय दोष?"

इथे प्रकरणाला कायदेशीर वळण लागलं. नोकरीत असलेल्या व्यक्तीने बेरोजगारीचा दाखला मागणं हा नियमभंग होता. पंधरा तारखेला मला नोटीस आली. आपण कोणत्या आस्थापनेत, कोणत्या पदावर आणि कधीपासून कार्यरत आहात, आणि ही माहिती कार्यालयापासून का दडवली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. मी मानसिंगरावांकडे गेले आणि म्हटलं, "साहेब, मी कुठे नोकरीला आहे ते तुम्हीच सांगा. मी उद्यापासून तिथे जाते."

"ते सांगण्याची जबाबदारी तुमची आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे फक्त 'नोकरीत' एवढीच नोंद आहे."

त्याच दिवशी केराबाई आली. जुन्या पट्टीखाली तिचं नवं कार्ड वाचलं गेलं होतं आणि आता ती स्त्री राहिली नव्हती. अविवाहित आणि बेरोजगार झाली होती. ती खिडकीवर हात आपटत नव्हती, आवाजही चढवत नव्हती. दाखला रावजींच्या पुढ्यात सरळ ठेवून ती एवढंच विचारत होती, "चार लेकरं हायती मला. अविवाहित म्हंजी काय ओ, रावजीभाऊ? मालकास्नी काय सांगू?" रावजींनी सांगितलं की पूर्वस्थिती म्हणजे पूर्वीची स्थिती, आणि मावशी, पूर्वी तुम्ही या शहरात नव्हताच. तिने माझ्याकडे पाहिलं. मला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची नंतर लाजही वाटली. पण क्रम तोच होता.

आता मानसिंगरावांना मान्य करावं लागलं की पट्टीबरोबर खाचाही माघारी यायला हव्यात. कापलेला पुठ्ठा परत उगवत नाही, तेव्हा ठिगळ लावायचं ठरलं. एप्रिलमध्ये जिथे जिथे खाच पाडली तिथे तिथे कागदाचं ठिगळ, खळीने चिकटवून. कोणती खाच एप्रिलमधली आणि कोणती आधीची, हे कार्डावरून कळत नव्हतं, पण रावजींनी एप्रिलमध्ये केलेल्या कामाची एक वही होती. वहीत माझ्या नावापुढे लिहिलं होतं: 'पुढील तीन घरांत खाचा: अविवाहित, विवाहित, नोकरीत.' हे अगदी बरोबर होतं. स्त्रीचं पुढचं घर अविवाहित, अविवाहितचं पुढचं विवाहित, बेरोजगारचं पुढचं नोकरीत. फक्त अविवाहितच्या घरात आधीच एक खाच होती, माझी स्वतःची, खरी. रावजींनी एप्रिलमध्ये त्याच खाचेत पुन्हा कात्री फिरवली होती.

मी हे त्यांना समजावून सांगितलं. अप्पांनी समजावून सांगितलं. अप्पांनी तर घरून दोन टाकाऊ पुठ्ठे आणले आणि टेबलावर सगळं करून दाखवलं. "ह्यातलं एक ठिगळ लावू नका, एवढंच सांगतोय. मदलं न्हवं, पयलं. ते तिचं हाय."

"वहीत तीन आहेत," रावजी म्हणाले. "दोनच लावली तर माघार अपुरी राहील."

"मग पूर्वी माझ्या कार्डावर काय होतं ते बघा," मी म्हटलं.

"तेच तर बघायचं आहे," मानसिंगराव म्हणाले. "पूर्वस्थिती काय होती याचा पुरावा तुम्ही जोडा, आम्ही पूर्वस्थिती देतो."

"पुरावा म्हणजे कार्डच ना?"

"अर्थात. पण आताचं नाही, पूर्वीचं."

चोवीस जूनला दुपारी माझ्या कार्डावर तीन ठिगळं लागली. नीट लागली, कडा बोटाने दाबल्या. रावजींच्या कामात आळस नव्हता, हे मी कधीही सांगेन. वाचन झालं: स्त्री, बेरोजगार. मी अविवाहित नव्हते आणि विवाहितही नव्हते. वैवाहिक स्थितीचा रकाना रिकामा असलेलं कार्ड अपूर्ण समजलं जातं, आणि अपूर्ण कार्डावर दाखला देता येत नाही. मानसिंगरावांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाले, "बाई, दोहोंपैकी एक काहीतरी झाल्याशिवाय माझा इलाज नाही. लग्नाचं बघत असतील तर ते लवकर होण्यासारखं आहे. अर्थात कार्यालयाचा त्याबाबत आग्रह नाही."

पंचवीसला सकाळच्या गाडीने मी आणि अप्पा तसेच कुर्डुवाडीला गेलो. तिथल्या एक्स्चेंजच्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी संध्याकाळी पाचपर्यंत वाट पाहिली. मी त्यांना सगळं सांगितलं आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हे कोणालाही खरं वाटण्यासारखं नाही. पाच वाजता त्यांनी यादीतलं पुढचं नाव घेतलं. परतीच्या गाडीची वाट बघत मी फलाटावर रडले. अप्पा शेजारी बसून होते. ते म्हणाले, "यव्वा, तुजं काय चुकलं न्हाई." मला वाटलं की आता सांगावं, फलक मी वाचला होता म्हणून. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते रडण्याचं होतं की पुठ्ठ्यांचं, हे मला कळलं नाही आणि मी बोलले नाही.

यानंतर जे झालं ते कार्यालयाच्या दृष्टीने सुखान्त आहे. शहरातल्या ऐंशी हजार कार्डांवर ठिगळं लावायची होती आणि रावजी एकटे होते. जुलैमध्ये मानसिंगरावांनी हंगामी ठिगळ-सहायकाचं पद मंजूर करून आणलं. अट एकच होती: उमेदवाराला पद्धतीची माहिती हवी. सबंध सोलापुरात ती माहिती रावजींखालोखाल मला होती. घरी अप्पांचं काम बंद होत आलं होतं. मी होकार दिला.

रुजू झाले त्या दिवशी माझ्या कार्डावरचं 'नोकरीत'वरचं ठिगळ काढण्यात आलं. ते काढायला मानसिंगराव स्वतः आले. कार्ड उजेडात धरून म्हणाले, "बघा, पद्धतीने जूनमध्येच सांगितलं होतं की तुम्ही नोकरीत आहात. पद्धती चुकत नसते, बाई. थोडी पुढे असते इतकंच." 'बेरोजगार'ची खाच मात्र राहिली. ती एप्रिलमधली नव्हती, त्यामुळे तिला ठिगळ लावता येत नव्हतं. मी आजही कार्यालयीन अभिलेखानुसार बेरोजगार कर्मचारी आहे.

त्याला आता तीन वर्षं झाली. रावजी निवृत्त झाले आणि खिडकी मला मिळाली. सुरुवातीला मी लोकांना समजावून सांगायची. खाच कोणती, पट्टी कोणती, चूक कुठे झाली, सगळं. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "मग आता काय करायचं?" पुढे पुढे मी समजावणं सोडलं. दिसतं ते लिहायचं, शिक्का मारायचा. रांग लवकर सरते आणि लोक खूश असतात. परवा एका मुलीने विचारलं, "बाई, मी विधुर कशी?" मी म्हटलं, "खाच आहे." माझा आवाज मला ओळखीचा वाटला, पण माझा नव्हे, रावजींचा.

गेल्या महिन्यात फलकावर नवं परिपत्रक लागलं. सूचीपद्धती तीन-दोन. स्थानिक मसुदा माझा आहे. 'किरकोळ' हा शब्द मी पाच वेळा घातला आहे. मागच्या वेळी हरकती आल्या नाहीत हे सिद्ध करायला कार्यालयाला फाइल शोधावी लागली होती. तो त्रास नको म्हणून आता पहिल्या छिद्रात नवी गोष्ट येते आहे: 'सदर सुधारणेस हरकत नाही.' बाकीचं सगळं एक घर पुढे. ठिगळांसकट.

तीस दिवसांतले एकोणतीस दिवस फलकापाशी कोणी थांबलं नाही. थांबले ते सावलीला. काल, तिसाव्या दिवशी, अप्पा आले. त्यांना आता चेहरा दिसतो, अक्षर दिसत नाही. भिंतीला हात लावत ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "बाहीर काय लावलंय म्हणं. वाच की यव्वा."

मी वाचून दाखवलं.

"म्हंजी परत एक घर?"

"एकच घर, अप्पा."

"जुन्याच कार्डावर?"

"नव्याला मंजुरी नाही."

त्यांनी कठड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "लिहून घे. माजी हरकत हाय."

"अप्पा, हरकतीला छिद्र नाही. 'हरकत नाही' याला आहे."

"मग माजी खाच पाडू नगं. झालं."

मला काय माहीत होतं ते सांगते. पहिल्या घरात खाच नसलेलं कार्ड अपूर्ण समजलं जाणार होतं. तो नियम मीच लिहिला होता. अपूर्ण कार्डाला दाखला नाही, आणि पुढच्या महिन्यात अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं, त्याला दाखला लागणार होता. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय का? मग राहू दे डोळं. हरकत लिही." म्हातारा माणूस, हट्टाला पेटला. मी त्यांचं कार्ड काढलं, मांडीवर घेतलं आणि आवाज होऊ नये म्हणून कात्री अगदी हळू चालवली.

पण पुठ्ठा कापल्याचा आवाज अप्पांना कळणार नाही असं कधी होईल का? त्यांनी मान वळवली.

"पाडलीस?"

"पाडली."

ते रागावले नाहीत. खिडकीच्या कठड्यावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "सरळ तरी पाडलीस का?"

"सरळ पाडली, अप्पा."

ते गेले. त्यांना रस्ता ओलांडून द्यायला मी उठले नाही, कारण रांग होती. आणि हरकतींची फाइल बंद करायची होती. सबंध शहरातून आलेली हरकत एक. तीही तोंडी, म्हणून दाखल नाही. म्हणजे शून्य.

त्यानंतर मी उरलेली कार्डं घेतली. तुमचंही त्यात होतं. तुम्ही त्या व्हरांड्यातून गेला होता, घड्याळात पाहिलं होतं, आणि तुमचा दाखला आजवर बरोबर आला आहे. तुमची हरकत मी फाइलमध्ये शोधली, नीट शोधली. अप्पांची खाच पाडताना मी कात्री हळू चालवली होती. तुमची पाडताना ती गरज पडली नाही. सरळ पडली आहे.